ट्रॉलीवरून पडली

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळसुद्धा नाही. रडत बसून सांगण्याचा माझा स्वभाव नाही, म्हणून सरळ सांगायचं ठरवलंय — जमतं का बघू.

माझी सायली पाच वर्षांची असताना उसाच्या ट्रॉलीवरून पडली. कोरेगावकडच्या आमच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. चढावर ट्रॅक्टर रेंगाळला की पोरं मागून चढून ऊस उपसतात. तिचा थोरला भाऊ विक्रम आधी चढला आणि हात देऊन तिला वर घ्यायला लागला. हात सुटला. इथपर्यंत सगळं खरं आहे.

त्याआधी महिनाभर ती सकाळी उठली की ओकत होती. चालताना झोकांड्या जात होत्या. मी जंताचं औषध पाजलं आणि कामाला लागले. पडली म्हणून मिरजेला नेलं, डोक्याचा फोटो काढला — आणि मेंदूत मागच्या बाजूला गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "तोल या गाठीमुळंच जात होता. पडली हे बरं झालं. वेळेत सापडली."

ऑपरेशन झालं, मग लाइट देणं, म्हणजे रेडिएशन, सुरू झालं. कितीतरी आठवडे मी तिकडंच होते. गावाकडून विचारणा आली की एकच सांगायचे — ट्रॉलीवरून पडली, मार लागलाय. गाठीचं फक्त नवऱ्याला ठाऊक होतं, त्यालाही बोलू दिलं नाही. गाठीचं नाव निघालं तर उद्या हिला कोण करून घेणार? पहिल्यांदा असं सांगितलं तेव्हा पोरगी ऑपरेशननंतर अजून शुद्धीवर नव्हती आणि मी तिच्या लग्नाचा विचार करत होते. अशी मी.

घरी आले त्या दिवशी विक्रमनं विचारलं, "मम्मी, सायलीला मी पाडलं न्हवं?"

नाही म्हणायला काय लागत होतं? पण आठ वर्षांचं पोर, गावभर बोलेल — असं वाटलं. मी म्हणाले, "पुन्हा ट्रॉलीवर चढू नको."

तो कधीच चढला नाही. ऊसही खात नाही. मोठा झाला, फौजेत गेला.

सायलीला पाहायला आले तेव्हा तो रजेवर होता. ती आत पोहे भरत होती. मुलाच्या आत्याबाईंनी तिच्या मानेमागचा वण हेरला होता. "कसला वो वण त्यो?" मी तोंड उघडायच्या आत विक्रम म्हणाला, "माझ्यामुळं झालाय आत्या. माझ्या हातनं सुटली ती."

सगळ्यांसमोर. मान खाली घालून. आणि मी काय केलं? चहाचा ट्रे पुढं केला.

लग्न झालं. वर्षानं सायलीच्या तपासणीला मीही सोबत गेले, तर जावई डॉक्टरांना गाठीबद्दल एकेक नीट विचारत होते. बाहेर आल्यावर तेच म्हणाले, "आई, सायलीनं पहिल्या भेटीतच सांगितलं होतं." तिला डॉक्टरांनी कॉलेजात असतानाच सगळं समजावलं होतं. दादाला ठाऊक आहेच, असं ती धरून चालते. आमच्या घरात हा विषयच निघत नाही — मी निघू देत नाही.

म्हणजे माझ्या खोट्याची कुणालाच गरज नव्हती. मग आता तरी विक्रमला का सांगत नाही? कारण सांगितलं की तो विचारेल — मग इतकी वर्षं? त्याला उत्तर नाही. गाठीला मी इतकी घाबरले नव्हते.

गेल्या महिन्यात तो रजेवर आला. नेहमीसारखा आधी सांगलीला, बहिणीकडं गेला. मी तिथंच होते. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यानं विचारलं, "डोकं दुखतं का गं अजून?"

"न्हाई रं दादा," ती हसून म्हणाली.

मी भाजी निवडत होते. डॉक्टरांचं ते बोलणं — तोल गाठीमुळंच जात होता, पडली हे बरं झालं — मला शब्द न् शब्द पाठ आहे. मी भाजी निवडत राहिले.