क्रेस्टफॉलन

मी कुठूनही पडलो नव्हतो. तरीही सासरची मंडळी जीपमध्ये गादी टाकून मला उचलायला आली.

त्याचं असं झालं. आमच्या शाळेत मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली. सर्वांत जुना शिक्षक मी. (विषय इंग्रजी. म्हणजे अपमानही शुद्ध व्याकरणात होतो!) खुर्ची मिळाली कवायत शिकवणाऱ्या ढोबळे सरांना. ते संस्थेच्या अध्यक्षांचे साडू.

घरी येऊन मी नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं, ‘आय ॲम क्रेस्टफॉलन.’ फोन बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून झोपलो. बायको, शोभा, बाजारात गेली होती.

डोळा उघडला तो माझ्याच किंकाळीनं! माढ्याहून सासरे आणि मेहुणा बाळू आले होते, आणि त्यांनी आणलेला हाडवैद्य माझा पाय ओढत होता.

“अहो, सोडा! मी पडलो नाही!”

“धक्का बसलाय डोस्क्याला,” सासरे म्हणाले. “वडा तुमी!”

वैद्यानं ओढला. घोटा कट्‌ करून वाजला. आता मात्र तो खरंच सुजला!

“मग ते फॉलन काय हाय?” बाळू भडकला. “आन् मी क्रेस्ट नावाची बिल्डिंग हितं होटगी रोडला हुडकून आलो की!”

तेवढ्यात शोभा आली. मी कण्हत अर्थ सांगितला, “क्रेस्ट म्हणजे कोंबड्याचा तुरा. झुंजीत हरलेल्या कोंबड्याचा तुरा खाली पडतो म्हणतात. त्यावरून खचलेल्या माणसाला क्रेस्टफॉलन.”

सासरे जवळ सरकले. मला वाटलं, आता पाठीवर हात फिरवतील.

“पण झुंज कुठं झाली?” शोभानं पिशवी खाली ठेवली. “अध्यक्षांनी विचारलं तेव्हा ‘आपण म्हणाल तसं’ म्हणून आलात की तुम्ही!”

“व्हय?” सासरे म्हणाले. “मग तुरा कशानं पडंल?”

वैद्य तेवढा घोट्याला लेप लावत राहिला. ती मंडळी चहासुद्धा न घेता माढ्याला परतली.

दुसऱ्या दिवशी ढोबळे सरांचा सत्कार. ज्येष्ठ शिक्षक म्हणून हार घालायला बोलावलं कोणाला? मला! लंगडत गेलो. इंग्रजीत अभिनंदन करताना आवाज असा दाटला की पुढचं वाक्यच फुटेना. अध्यक्षांनी डोळे पुसले. सगळ्यांना वाटलं, सर आनंदानं गहिवरले. एवढ्या वर्षांत माझ्या इंग्रजीला पहिल्यांदाच टाळ्या पडल्या!