दादाची सही

दादा फरशी बसवायचे. या शहरातल्या निम्म्या न्हाणीघरांत आमच्या दादाचे गुडघे टेकलेत, असं त्यांचा धाकटा भाऊ म्हणायचा, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. परक्या देशात आधी ते एकटे आले. मग वहिनींना आणलं, मग धाकट्याला आणि त्याच्या बायकोला. भाड्याच्या तीन खोल्या, चूल एक, आणि सरकारदरबारी सगळ्यांची नावं त्याच पत्त्यावर. धाकट्याची चिमी त्याच घरात रांगायला शिकली.

बोलणं म्हणाल तर दादांकडे नावालाच. फरशीचा सांधा केसभर वाकडा गेला तर उखडून पुन्हा बसवतील, पण शेजाऱ्याला 'कसं काय' विचारायचं तर संकट. ते खातं वहिनींचं. त्या मोडक्यातोडक्या भाषेत अख्ख्या इमारतीची खबरबात ठेवायच्या. दोन वर्षांपूर्वी त्या आजारी आईला बघायला मायदेशी गेल्या आणि तापाचं निमित्त होऊन तिकडेच वारल्या. दादा जाऊन सगळं उरकून आले आणि आल्या आल्या गुडघ्यांना पट्टे बांधून कामावर गेले. घरात त्यांनी तो विषय काढला नाही, दुसऱ्या कोणाची काढायची छाती झाली नाही.

यंदा धाकट्याने वेगळं घर घेतलं. भांडण नव्हतं हो! त्याची बायको, म्हणजे धाकटी, लॉन्ड्रीत कपडे दुरुस्तीचं काम करायची, ती लॉन्ड्री शहराच्या दुसऱ्या टोकाला. नव्या घराखालीच चिमीसाठी शाळा होती. सामान हलवताना कपाटाचं जड टोक दादांनीच धरलं होतं.

पण घर बदललं की पत्ता कळवायचा, हा इथला कायदा, आणि परदेशी माणसाला तर तो दुप्पट लागू. नवा पत्ता नोंदल्याशिवाय शाळा चिमीला घेईना. आणि नोंदणी कचेरी म्हणे, जुन्या घराच्या मुख्य भाडेकरूने स्वतः येऊन सही करायची की ही माणसं आता माझ्याकडे राहत नाहीत. घ्या! नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

"दादाला कोणत्या तोंडाने सांगू?" धाकटा म्हणाला. "आम्ही तुझ्या घरातले नाही, असं लिहून दे म्हणू?"

"अहो, निघालोच की आपण! कपाट कोणी उचललं?"

"उचलणं वेगळं, लिहून देणं वेगळं."

तो दोनदा गेला आणि दोन्ही वेळा चहा पिऊन परत आला. ताकाला जाऊन भांडं लपवायची या माणसाची जन्माची खोड. शेवटी कसंबसं विचारलं, तर दादा म्हणाले, बघू. मग गुडघा दुखायला लागला. मग चष्मा सापडेना. धाकटीच्या मनाने घेतलं, दादा रुसलेत. एवढं केलं आपल्यासाठी, आणि आपण चूल वेगळी केली. तिला रात्री झोप लागेना, आणि दिवसा रागही यायचा. म्हाताऱ्याने एवढं ताणून धरावं?

शाळेने शेवटची मुदत दिली तेव्हा ती स्वतःच जाऊन दादांपुढे उभी राहिली. "दादा, आमच्यावर राग असेल तर चार शिव्या घाला, पण पोरीची शाळा अडवू नका."

दादा तिच्याकडे बघतच राहिले. "राग? अगं, राग कसला? वेडी का खुळी तू? उद्या येतो."

आले. धुतलेला सदरा घालून, भांग पाडून कचेरीत आले. खिडकीपलीकडच्या बाई भराभर काम उरकणाऱ्या. त्यांनी संगणकाच्या पडद्यावर पत्ता काढला आणि नावं मोठ्याने वाचायला घेतली. दादांचं वाचलं. मग वहिनींचं वाचलं.

दादांनी खिडकीची कड घट्ट धरली. धाकटा जमिनीकडे बघायला लागला. धाकटीला आत्ता कुठे उमगलं. वहिनी वारल्याचं दादांनी इथे कळवलंच नव्हतं.

"तिघं जाणार, म्हणजे दोघं उरले," बाई म्हणाल्या. "बरोबर?"

"ती नाही इथे," दादा म्हणाले.

"गेल्या का? मग त्यांचा नवा पत्ता सांगा."

धाकटी बोलणार तेवढ्यात दादांनी हाताने तिला थांबवलं. "वारली," ते म्हणाले. "तिकडे. दोन वर्षं झाली."

बाईंचा हात थांबला. वाईट वाटलं म्हणाल्या, आणि ते खरंच वाटलेलं दिसत होतं. "तेव्हाच कळवायला हवं होतं तुम्ही."

"हो. चुकलंच." मग दादा धाकटीकडे वळले. "तुमच्यावर कशाला रागवू, पोरी? इथे आलो की हे विचारणार, माहीत होतं मला. तुम्ही तिघं निघालात. म्हटलं, तिचं नाव तरी राहील घरात सोबतीला."

धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. महिनाभर या माणसाला मनातल्या मनात काय काय बोललो आपण!

दादांनी तिघांच्या कागदावर सही केली. बाईंनी शिक्के मारले, चिमीच्या शाळेचा कागद वेगळा करून दिला. मग म्हणाल्या, "पत्नीचं नाव मला आज काढता येणार नाही. मृत्यूचा दाखला लागेल. तो घेऊन परत या."

"म्हणजे दाखला आणेपर्यंत नाव राहणार?"

"राहणार. पण लवकर आणा."

"घरीच आहे दाखला," दादा म्हणाले. "पेटीत."

"मग उद्याच घेऊन या की," धाकटा म्हणाला. "मी येतो सोबत."

"तुम्ही गप्प बसा हो," धाकटी नाक पुसत म्हणाली. "दादा, चिमीचं काम झालंय. आता कसलीसुद्धा घाई नाही."