मावशीच्या वहीतली जाहिरात

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि नवऱ्याला जरा जास्तच. आमच्या सॉफ्टवेअरच्या फुकटच्या आवृत्तीत जाहिराती दाखवायच्या की नाही, यावर आम्ही दोघं महिनाभर भांडलो. मी जिंकले. हरले असते तर बरं झालं असतं.

सॉफ्टवेअर शिंप्यांसाठी आहे. गिऱ्हाइकाची मापं, गळा कसा, बाही केवढी, कपडा कधी द्यायचा, सगळं मोबाइलमध्ये टिपून ठेवायचं, आणि कपडा तयार झाला की गिऱ्हाइकाला निरोप जातो. मुळात ते आम्ही बनवलं माझ्या मावशीसाठी. ती पडेगावला राहते आणि घराच्या पुढच्या खोलीत एकाच मशीनवर बायकांचे ब्लाउज शिवते. आई मी लहान असतानाच गेली. मावशीनंच मला वाढवलं, आणि शाळेपासून लग्नापर्यंत माझ्या अंगावरचं एकूण एक कापड तिच्या हातचं. एकदा तिच्या मापाच्या वहीवर पाण्याचा तांब्या लवंडला आणि सगळी मापं धुऊन निघाली. ती रडली नाही, पण दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. तेव्हा मी म्हटलं, थांब, तुला न भिजणारी वही करून देते. अजूनही ती ॲपला ‘तुझी वही’ असंच म्हणते.

ही वही पुढं शेजारच्या छावणी भागातल्या शिंप्यांनी घेतली, मग जालना, बीड असं करत लई लांब गेली. चार-सहा कारागीर ठेवणारी दुकानं पैसे देतात. एकट्यानं शिवणाऱ्यांना ती फुकट, आणि एकट्यानं शिवणारेच जास्त. त्या सगळ्यांची मापं सांभाळायचा खर्च आमच्या अंगावर यायला लागला. क्रांती चौकातल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात मी म्हटलं, खाली जाहिरातीची एक बारीक पट्टी लावू, कुणाचं काय बिघडतंय? नवरा म्हणाला की तिथं कुठली जाहिरात येईल ते आपण ठरवत नाही, बाहेरची कंपनी ठरवते. आपल्या घरात कोण येऊन बसलंय ते आपल्यालाच ठाऊक नसणार. मी म्हटलं, फुकट ते पौष्टिक म्हणणाऱ्यांनी एवढं सोसायला काय हरकत आहे? हे वाक्य आठवलं की आज मला माझीच लाज वाटते.

शेवटी तो म्हणाला, बरं, निदान मावशींच्या फोनवर तरी नको. त्यावर मी त्याला सुनावलं की घरच्यांना एक न्याय आणि बाहेरच्यांना दुसरा, असलं मला जमायचं नाही. तत्त्वबित्त्व काही नव्हतं हो त्यात. भांडणात शेवटचा शब्द माझा असायला हवा होता, इतकंच.

मावशीच्या डोळ्यांना काचबिंदू आहे. वर्षभरापूर्वी कळलं. डॉक्टरांनी तिला माझ्यासमोर बजावलं होतं की हे थेंब सकाळ-संध्याकाळ घालायचे, एक दिवस चुकवायचं नाही, कारण या दुखण्यात गेलेली नजर परत येत नसते. तेव्हापासून रोज सकाळी मी तिला फोन करते आणि पहिलं विचारते, थेंब घातले का? ती म्हणते, घातले गं बाई. मग माझ्या जिवात जीव येतो आणि मी कामाला लागते. जाहिराती सुरू झाल्यावरही आमचं हे रोजचं बोलणं चालूच होतं.

दोनेक महिन्यांनी मी ब्लाउजचं कापड घेऊन पडेगावला गेले. आधी शिवायला टाकलेला एक ब्लाउज तयार होता, तो घालून बघितला तर एका बाहीचा मुंढा खांद्यापाशी वर चढलेला. मावशीच्या हातचं असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मग बघितलं तर ती कापड पार नाकाशी धरून टीप उसवत होती, आणि तिच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता.

चष्मा कुठं ठेवलास म्हणून विचारलं, तर ती लाजल्यागत हसली. म्हणाली, सोडायची सवय करून राहिले. तूच तर थेंब पाठवले. मी कुठले थेंब पाठवले, मला कळेना. तिनं फोन पुढं केला, माझीच वही उघडली आणि खाली बोट ठेवलं. चष्म्याला रामराम करा, जडीबुटीचे थेंब घरपोच. मशीनशेजारी त्यांची बाटली होती. डॉक्टरांचे थेंब घातल्यावर डोळे चुरचुरायचे, हे कसे गार वाटतात, असं ती कौतुकानं सांगत होती. जुनी बाटली तिनं टाकूनही दिली होती. म्हणजे रोज सकाळी ती मला खरं तेच सांगत होती. थेंब घालत होती.

मला येतं तेच मी केलं, तिच्यावर ओरडले. कुणीही काहीही लिहील आणि तू डोळ्यात घालशील का, असं म्हणाले. मावशी गोंधळली.

“कुणीही कसं?” ती म्हणाली. “तुझ्या वहीत होतं ना.”

मला हे कळायला हवं होतं. मावशीच्या भिंतीवर एकच कॅलेंडर असतं, ती ज्या दुकानातून रीळ आणि अस्तर आणते त्या दुकानाचं. गेल्या वर्षी नवं दुकान टाकलेला एकजण स्वतः येऊन कॅलेंडर देत होता, तर तिनं त्याला चहा पाजला आणि कॅलेंडर परत दिलं. ज्याचा माल वापरला नाही त्याचं नाव भिंतीवर कसं लावू, बायका माझ्या भरवशावर जातील की, असं तिचं म्हणणं. तिच्या धंद्यात हे असंच चालतं. आपल्या जागेत ज्याचं नाव लावलं त्याच्यासाठी आपण शब्द दिला. मी तिची भाची, मी भरवशाशिवाय कुणाचं नाव लावीन हे तिच्या मनातही आलं नाही.

त्याच दुपारी तिला डॉक्टरांकडं नेलं. डोळ्यांतला दाब बराच वाढलेला होता. तपासून ते म्हणाले, डाव्या डोळ्याची कडेची नजर थोडी गेली आहे, ती येणार नाही, बाकीची आता नीट औषध घेतलं तर टिकेल. मी बाहेर बाकावर बसून रडायला लागले. मावशीनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, “उगी. ब्लाउज समोर असतो, कडेला काय बघायचंय मला?” त्यानं तर मला जास्तच रडू आलं.

परत येताना रिक्षात मी तिला सगळं सांगितलं. ती पट्टी मी लावली, त्याचे आम्हाला पैसे मिळतात, त्यात काय दिसतं ते मी बघतसुद्धा नाही, जावई नको म्हणत होते. पडेगाव जवळ आलं तेव्हा ती हळूच म्हणाली की तिनं दोन गिऱ्हाइकांनाही ते थेंब सांगितले होते, आता आधी तिकडं जाऊ.

दोघींच्या दारात आम्ही गेलो. पहिल्या काकूंना मावशीनं सांगितलं, ते थेंब टाकून द्या, माझी चूक झाली, मी न विचारता बोलले. दुसऱ्या दारातही तिनं तेच सुरू केलं, तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही. मी मध्ये पडून म्हटलं, काकू, चूक हिची नाही, ती जाहिरात मी लावली होती. त्या काकूंनी अजून बाटली फोडली नव्हती. त्यांनी आम्हाला पाणी दिलं आणि बसा म्हणाल्या, पण माझ्याकडं त्या परत बघेनात.

घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. ‘मी म्हटलं होतं’ हे तो म्हणाला असता तर मला आवडलं असतं, भांडता तरी आलं असतं. तो नुसता उठला आणि पट्टी सगळ्यांच्याच फोनवरून काढून टाकली. पुढच्या महिन्यात आम्ही क्रांती चौकातली एक खोली सोडली. आता उरलेल्या खोलीत दोघांची टेबलं एकमेकांना लागून आहेत, त्यामुळं भांडणंही हळू आवाजात करावी लागतात.

मावशी डॉक्टरांचे थेंब घालते, चष्मा लावते, ब्लाउज पुन्हा पहिल्यासारखे शिवते. मला ती एका शब्दानं बोलली नाही, आणि गेलं की आधी जेवायला वाढते. फक्त ॲपमध्ये आम्ही काही नवं टाकलं, साधी सणाची शुभेच्छा जरी लिहिली, तरी तिचा फोन येतो.

“हे खाली आलंय, ते तूच लिहिलंस ना?”

“व्हय मावशी, मीच लिहिलंय.”

“मग ठीक,” असं म्हणून ती फोन ठेवते. इतक्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं.