वटारच्या वाडीतला सीता अशोक

मंडळी, आज सकाळी वटारला फिलोमिनामावशीकडे गेले होते. वाडीत नवं घर बांधायचंय, म्हणून झाडं तोडायला माणसं आली होती. मावशीने त्यांना कालच फोनवर बजावलं होतं, "अशोक तेवढा ठेवा."

त्यांनी ठेवलाही. कुंपणाजवळचा, उंच सरळसोट.

बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्याच्या काठचा, केशरी फुलांनी लगडलेला सीता अशोक मात्र आडवा पडला होता. मावशीच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, लग्नाच्या वर्षी लावलेला.

"अरे, अशोक ठेवा म्हटलेलं ना!"

"मावशी, हा काय अशोक," तोडणाऱ्याने कुंपणाकडे बोट दाखवलं. मग समजल्यावर त्याचंही तोंड उतरलं.

नाव एकच, पण कुळं वेगळी. सीता अशोक चिंचेच्या कुळातला, जंगलात ओढ्याकाठी सावलीत वाढणारा, आणि आता रानातून कमी होत चाललेला. कुंपणाजवळचा सीताफळाच्या कुळातला. तो प्रत्येक सोसायटीच्या दारात दिसतो, त्याला काही धोका नाही.

मावशी खोडाशेजारी बसून राहिली. काका जाऊन वर्षही झालेलं नाही. फुलांचा एक घोस हातात घेऊन म्हणाली, "ह्यांनी रोप कुठून आणलेलं, ते मी कधी विचारलंच नाही."

तुमच्या दारातला अशोक कोणता, घरात सगळ्यांना माहीत आहे का?