शालूवरचं तेल
जळक्या तेलाचा वास आला की मी थेट खालापुरात, माझ्या पाठवणीत जाऊन उभी राहते. लढाईमुळे पेट्रोल रेशनवर, म्हणून रॉकेलवर चालणारं दुसरं इंजिन बसवलेली मोटार दारापर्यंत ढकलतच आणलेली. मी मागून वळसा घालून चढायला निघाले, तोच ड्रायव्हरनं हँडल मारलं आणि धुराच्या नळीतून काळं तेल फाडकन माझ्या शालूवर उडालं. सनई थांबली. आई मटकन खाली बसली. "इंजिन बदलताना नळी पुसायची राहिली," ड्रायव्हर पुटपुटला. "अपशकुन हाय ह्यो!" कुणीतरी ओरडलं. कडावची माझी सासू तरातरा पुढं आली. ही आता मला इथंच ठेवून जाणार, असं वाटून मी आईकडे सरकले. तिनं शालूवरचं तेल बोटावर घेतलं आणि माझ्या गालाला टेकवलं. "तीट लावायची राहिलीच व्हती. चल गं." तो शालू मी अजून धुतलेला नाही.