सात ओळींचा दगड

भडगावहून माहेरी जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. कजगावपर्यंत बैलगाडी, तिथून आगगाडीने जळगाव, जळगावला गाडी बदलून सुरतेकडच्या लाइनीने दोंडाईचा, आणि पुढे चार कोस पुन्हा बैलगाडी. मी चौथी शिकलेली म्हातारी. सजवून लिहिता येत नाही. घडलं तसं लिहिते.

जळगावला डब्यात माझ्यासमोर एक म्हातारा येऊन बसला. रंगाने गोरा, पण साहेब नव्हे. कोटाच्या कोपराला ठिगळ, आणि हिंदुस्थानी माझ्याइतकीच मोडकी. अमळनेर गेल्यावर मी शिदोरी सोडली, भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली). एकटीने खाणं बरं दिसेना, म्हणून त्यालाही दिलं. पहिल्याच घासाला त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"बाई, इसमें आग है!"

"मिरची आहे. पाणी पिऊ नका, भाकरी खा."

त्याने बोटं चाटून संपवलं. मग हात पुसून मांडीवर एक गुंडाळी उलगडली. दगडावर कागद ठेवून वरून कोळसा घासलेले ठसे होते. अक्षरं अशी, की खुंट्यांवर ओळीने विळे टांगावेत. ती मी ओळखली.

तो अर्मनी होता, म्हणजे मूळ आर्मेनियाचा, ख्रिस्ती, राहणारा कलकत्त्याचा. त्याचे पूर्वज सुरत-बुऱ्हाणपूर वाटेने व्यापार करीत. वाटेत मेला त्याला वाटेतच पुरत. त्या थडग्यांचे ठसे तो गोळा करीत होता.

"तुमच्या मुलखात दगड नाहीत?" मी विचारलं.

त्याचं उत्तर मी आपल्या भाषेत लिहिते. "तिकडे जमीन कुणाची यावरून भांडण आहे. ज्याच्या हाती जाते तो आधी आमची थडगी फोडतो, देवळांवरची अक्षरं खरवडतो. दगड गेले, की आम्ही तिथे होतो कशावरून? इथे आमचं कुणाशी वैर नाही. इथले दगड शाबूत असतील."

मग त्याने वहीतून पुढच्या गावाचं नाव वाचलं. माझंच माहेर. माझ्या तोंडून ते निघूनही गेलं, आणि दोंडाईच्याला भावाने पाठवलेल्या बैलगाडीत तो माझ्याशेजारी बसला. रस्ताभर कापसाची वावरं होती, वेचणी चालली होती. तो बघत होता. मी काही पाहिलं नाही.

तसल्याच अक्षरांचा एक दगड पूर्वी आमच्या वावराच्या कडेला आडवा पडलेला होता. आमच्या चुलतभावाने तक्रार केली, की तो पट्टा वावर नव्हे, थडग्याची जागा आहे. मोजणीचा साहेब येणार होता. मी तेव्हा माहेरीच होते. सगळे हातावर हात ठेवून बसलेले. मीच म्हटलं, दगड विहिरीवर आणा आणि छिन्नीची टाकी लावून अक्षरं घालवा. पाटे टाकवणारा आला. अक्षरं पाहून थांबला.

"बाई, कुणाचं तरी नाव दिसतं."

"आपलं नाही ना? मग लाव टाकी."

पट्टा आम्हाला मिळाला. दगडावर तेव्हापासून धुणं.

गाडीतून उतरल्यावर म्हाताऱ्याने हात धुवायला पाणी मागितलं. तिथेच, विहिरीवर, त्याला दगडाच्या कडेची वेल दिसली. वेलीला मी टाकी लाववली नव्हती. ती वाचण्यासारखी नव्हती. तो ओल्यात गुडघे टेकून बसला. तिथे वाळत घातलेल्या धोतराने दगड कोरडा केला, कागद ठेवला, कोळसा घासला. भोवती वेल उमटली. मध्ये नुसते ठिपके.

माझा भाऊ नाना शेतातून आला. "अक्का, हाऊ कोन शे?"

"पाव्हना. दगड देखाले येल शे." (दगड बघायला आलाय.)

नाना एकदम हुशार झाला. "त्याले सांग, पाऊसनी खाई टाकं बठ्ठं. आजाना वखतपाईन असाच शे." (सगळं पावसाने खाल्लं, आजोबांच्या वेळेपासून असंच आहे.)

म्हाताऱ्याला यातलं अक्षर कळलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला, कारण सांगणारी मीच होते.

"बारिश," मी म्हटलं.

त्याने वहीत लिहून घेतलं. कागदाची घडी करून म्हणाला, "चलो. बारिश की किसी से दुश्मनी नहीं." आणि भरताबद्दल पुन्हा आभार मानून दोंडाईच्याला परत गेला.

चार दिवसांनी मी निघाले. निघताना नानाला म्हटलं, दगड विहिरीवरून उचल, कडेला नीट ठेव.

"मंग धुनं कथं धुतीन?" तो हसला. मी गाडीत बसले.

घरी येऊन पाटी घेतली आणि त्या दगडावरचं एखादं अक्षर काढता येतं का पाहिलं. नाही आलं. त्या म्हाताऱ्याचा पत्ताही मी विचारला नव्हता. त्याच्या वहीत आमच्या गावापुढे पाऊस लिहिलेला आहे, तो खोटा आहे. खाली कोण होतं, मला सांगता येत नाही. ओळी सात होत्या. सातवी जाईपर्यंत मी तिथून उठले नव्हते.