टेबलावरचं पिंप

लातूर जिल्हा नवा नवा झाला, पण कचेऱ्यांना जागा कुठे होती? आमचं ऑफिस भाड्याच्या दोन खोल्यांत भरायचं. साहेबांचं टेबल मावलं की बाकीच्यांनी अंग चोरून बसायचं. साहेबांनी तोडगा काढला, टायपिस्ट बाईंनी घरूनच काम करावं. मशीन, टेबल, खुर्ची, सगळं हातगाड्यावर घालून शिपायाने माझ्या सासरी आणून टाकलं. सकाळी तो मसुदे द्यायचा, संध्याकाळी टाईप केलेले कागद न्यायचा. मी हंगामी होते. कायम व्हायचं तर टायपिंगच्या वेगाची परीक्षा पास व्हायला हवी होती. देगलूरला माहेरी बोटं झिजवून शिकले होते, त्यामुळे तिची भीती नव्हती.

दुष्काळाचं वर्ष होतं. टँकर येईल तेव्हा मिळेल तेवढं पाणी भरायचं. सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, पूजेचं पाणी मडीचं, म्हणजे सोवळ्याचं लागायचं. आंघोळ करून ओलेत्याने भरलेलं, आणि भरल्यावर कुणाचा पाय नाही की पदर नाही लागलेला. त्या पाण्याचं पिंप जमिनीवर असल्यामुळे त्या हैराण होत्या. टेबल घरात आलं आणि त्यांना देवच पावला. पिंप टेबलावर चढलं. खुर्ची मामंजींनी आपल्या दुकानाच्या दारात नेली आणि ती सरकारी आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले. माझ्या वाट्याला पाट आला. मशीन पाटावर, मी जमिनीवर.

मांडी घालून दिवसभर टाईप करून बघा एकदा. गुडघे मशीनखाली जात नाहीत, म्हणून पोट आवळून पुढे वाकायचं, कोपरं बाहेर काढायची, मान खाली घालायची. आधी मान धरली, मग खांदा. मग उजव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर झाली ती झालीच. आत्याबाई म्हणाल्या, आम्ही जन्मभर जात्यावर दळलं, आमचे हात काय गळून पडले? शिपायाकरवी साहेबांना कळवलं. घरात बसून काम करणाऱ्या बाईला कसला आलाय त्रास, असा निरोप आला. त्या निरोपाचा कागदही मलाच टाईप करायला लावला नाही, एवढीच काय ती दया.

शेवटी बोटांतून पेन निसटायला लागलं तेव्हा नवरा मला नांदेडच्या हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी मला कशी बसतेस ते करून दाखवायला लावलं. मी तिथेच फरशीवर बसले. टेबल-खुर्ची घ्या, ते म्हणाले. आहे की घरात, नवरा अभिमानाने म्हणाला. त्यावर काय ठेवलंय ते मी सांगितलं.

"पाणी खाली ठेवा आणि बायकोला वर बसवा," डॉक्टर त्याला म्हणाले. "नाहीतर हात जाईल तिचा."

तो हो म्हणाला. परतताना एसटीत मला समजावू लागला, आईला दुखवून काय मिळणार, परीक्षा झाली की बघू. मला त्याची किळस आली. अहमदपूर येईपर्यंत मी खिडकीबाहेरची करपलेली रानं बघत राहिले.

परीक्षेला मात्र टेबल होतं, खुर्ची होती. माझी पाठ सरळच होईना. ती दोन बोटं कळीवर पडत होती की नाही हे मला कागद बघूनच कळत होतं, आणि कागदावर त्या बोटांची अर्धीअधिक अक्षरं नव्हती. मी नापास झाले. नोकरी गेली, आणि शिपाई हातगाडा घेऊन सामान न्यायला आला. टेबल उचललं तेव्हा आत्याबाई रडल्या. खरंच रडल्या, पदर डोळ्यांना लावून.

दुसऱ्या दिवशी टँकर आला तसं त्यांनी माझ्यापुढे घागर ठेवली. आता मी घरीच होते ना. मी घागर भरून कमरेवर घेतली, आणि उंबऱ्याशी येईपर्यंत हातातून ती सुटली. सगळं पाणी मातीत गेलं. शेजारणी बघत होत्या. आत्याबाई आधी त्या ओल्या मातीकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे.

"टायपिंग जमंना, पानी आनता येईना. मग ह्यो हात काय नुसता खायालाच ठिवलास व्हय?"

जेवायला बसले तर भाकरीचा घास त्या हाताने तोंडापर्यंत जाईना. मी डाव्या हाताने जेवले. त्या दिवसापासून माझं ताट पंगतीत मांडलं गेलं नाही.